बर्लिन ते आरास : कैसरसाठी लढलेल्या ज्यू सैनिकांच्या कबरी शोधताना

माझं बालपण अलिबागचं. इस्राएल आळीतल्या मशिदीशेजारून (तिथले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू लोक, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणतात) शाळेत जायचे. शेजारच्या आजींकडून पोहे-नारळाचा मलिदा हक्काने खाल्ला आहे. त्यांच्याबरोबर एकदा दफनभूमीत गेले होते. तिथल्या दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी पाहिलं, आणि मराठीतलं 'कर'ने संपणारं आडनाव वाचून मला उगाचच हायसं वाटलं होतं. त्या घरातले कितीतरी पुरुष मुंबई इलाख्याच्या पलटणींत नोकरी करून पेन्शनवर आलेले. ज्यू आणि सैनिक हे दोन शब्द माझ्या डोक्यात तेव्हापासून शेजारी शेजारी आहेत.

म्हणून बर्लिनला राहणारा भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, इथे ज्यू सैनिकांची एक दफनभूमी आहे, जर्मनीकडून लढलेल्यांची," तेव्हा मी त्याला वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. जर्मनीकडून? हो. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख जर्मन ज्यू कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, सैन्यात होते. बारा हजारांच्या आसपास परत आले नाहीत. नोव्हेंबरात सहा दिवस काढून आम्ही दोघं त्यांना भेटून आलो.

पहिला दिवस, गुरुवार : वायसनझे

अलेक्झांडरप्लाट्झहून एम-४ ट्राम पकडली, आल्बर्टिनेनश्ट्रासे थांब्यावर उतरलो आणि दहाएक मिनिटं चाललो. वायसनझेची ही दफनभूमी १८८० साली सुरू झाली. सुमारे ४२ हेक्टर जागा, एक लाख पंधरा हजारांहून जास्त कबरी. आकडा वाचून जे वाटतं ते आत गेल्यावर टिकत नाही, कारण आत दिसतं ते जंगल. मेपल, चेस्टनट आणि दगडांवर चढलेली आयव्हीची वेल. रात्री पाऊस पडून गेलेला, पायाखाली ओल्या पानांचा थर, आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

दारातच एक वर्तुळ आहे. त्यावर छळछावण्यांची नावं कोरली आहेत. म्हणजे सैनिकांपर्यंत जायचं तर आधी त्या नावांपाशी थांबावंच लागतं. भाच्याने खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली. पुरुषांनी डोकं झाकायचं असतं.

सैनिकांची जागा बरीच आत आहे. रस्ता विचारायला म्हणून एका माळीबुवांना थांबवलं. पासष्टीचे असतील, हातात पानं ओढायचं दाताळं. ते दाताळं झाडाला टेकवून स्वतःच पुढे निघाले. झाडी संपून एकदम मोकळा तुकडा आला आणि मी जागीच उभी राहिले. इतका वेळ दिसत होते ते श्रीमंत व्यापाऱ्यांचे संगमरवरी मंडप, खांब, कमानी. इथे मात्र एकसारखे बुटके दगड, शिस्तीत ओळींनी. वकील असो की शिंप्याचा पोर, दगड तेवढाच. सगळ्यांच्या डोक्याशी शिंपलेमिश्रित चुनखडीचा मोठा चौथरा आणि त्यावर बसलेला सिंह.

हे स्मारक १९२७ साली उभं राहिलं. आराखडा आलेक्झांडर बेर यांचा, ते बर्लिनच्या ज्यू समाजाचे वास्तुरचनाकार होते. सतरा वर्षांनी, १९४४ साली, ते नाझींच्या टेरेझिएनश्टाट छळछावणीत मरण पावले. माळीबुवांनी हे सांगितलं तेव्हा सिंहाकडे बोट केलं नाही, फक्त मान त्या दिशेला वळवली.

मी ओळीओळीने नावं वाचत गेले. वयं काढत गेले. एकोणीस, बावीस, एकोणीस, चौतीस. मरणाचं साल १९१६ च्या पुढचं असेल तिथे जरा जास्त थांबले. का ते सांगते. ऑक्टोबर १९१६ मध्ये प्रशियाच्या (जर्मन साम्राज्यातलं सर्वात मोठं राज्य) युद्ध मंत्रालयाने सैन्यातल्या ज्यूंची वेगळी मोजणी करायचा हुकूम काढला. 'ज्यू लोक आघाडी चुकवतात' अशी ओरड चालली होती, ती तपासायची म्हणून. खंदकात चिखलात उभ्या असलेल्या पोराला बाजूला काढून विचारायचं, तू खरंच इथे आहेस का? आणि मोजणीचे निष्कर्ष युद्ध संपेपर्यंत जाहीर केलेच नाहीत. ओरड तशीच राहिली, फक्त आता तिला सरकारी शिक्का मिळाला. १९१७ आणि १९१८ ची तारीख असलेला प्रत्येक दगड हा त्या मोजणीनंतरही लढत राहिलेल्या माणसाचा आहे, हे माझ्या डोक्यातून जाईना.

परत येताना एका कौटुंबिक कबरीने मला सर्वात जास्त धरून ठेवलं. वरच्या बाजूला मुलाचं नाव, १९१५ साली पडला. त्याच दगडावर खाली नंतर कोरलेली ओळ आईची, गाव टेरेझिएनश्टाट. दोन्ही ओळींची अक्षरं वेगळ्या हातांची होती.

माळीबुवांनी निरोप घेताना सांगितलं की आणखी दहा दिवसांनी, लोकशोकदिनाच्या (युद्धातल्या मृतांच्या स्मरणाचा जर्मन दिवस) रविवारी, आजच्या जर्मन सैन्याचे लोक इथे येऊन पुष्पचक्र ठेवतात. "दरवर्षी पानं मी त्याआधी झाडून घेतो," ते म्हणाले.

जाणाऱ्यांसाठी : शनिवारी दफनभूमी बंद, शुक्रवारी दुपारीच दार लावतात. फुलं नेऊ नका, कबरीवर लहानसा खडा ठेवायची रीत आहे. दारात नकाशा मिळतो तो घ्याच, आत वाट चुकतेच. जवळपास खाण्याची सोय बेताची. आम्ही ट्रामच्या थांब्याजवळच्या बेकरीत मसुराचं सूप प्यायलो. गरम, दाट, वर व्हिनेगरचे चार थेंब. आमटीची आठवण झाली आणि आणखी एक वाडगा मागवला.

दुसरा दिवस, शुक्रवार : त्सेरेन्सडोर्फचे आपले लोक

हा दिवस ठरवलेला नव्हता. रात्री जेवताना भाचा म्हणाला, "बर्लिनच्या दक्षिणेला भारतीय सैनिकांचीही दफनभूमी आहे, जाऊ या का?" सकाळी सायकली प्रादेशिक गाडीत चढवल्या (सायकलचं तिकीट वेगळं काढावं लागतं) आणि व्युन्सडोर्फला उतरून पाइनच्या रानातून पायडल मारत गेलो.

व्युन्सडोर्फला पहिल्या महायुद्धात 'अर्धचंद्र छावणी' होती. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांमधले मुसलमान आणि भारतीय युद्धकैदी इथे ठेवत. त्यांनी इंग्रजांविरुद्ध उलटावं म्हणून त्यांची बडदास्त राखत, १९१५ साली त्यांच्यासाठी लाकडी मशीदही बांधली होती. त्यांच्यातले जे थंडीने आणि क्षयाने गेले त्यांतले २०६ भारतीय त्सेरेन्सडोर्फला आहेत. रान चहूबाजूंनी, मधोमध कापलेलं गवत, पांढरे दगड. काहींवर देवनागरीतला ॐ. परक्या रानात आपली लिपी अशी समोर आली की घशात काहीतरी अडकतं. अभ्यागतांच्या वहीत मी मराठीत दोन ओळी लिहिल्या.

सायकलवरून परत येताना एक गोष्ट जुळली. लोकमान्यांनी महायुद्धात सैन्यभरतीला पाठिंबा दिला तो स्वराज्याच्या हक्कावर बोट ठेवून. आमचं रक्त घेता, तर आम्हाला बरोबरीने वागवा. जर्मन ज्यूंचा हिशेबही तोच होता. कायद्याने त्यांना १८७१ पासून समान हक्क होते, पण प्रशियाच्या सैन्यात महायुद्धाआधी कितीतरी वर्षं ज्यूंना राखीव अधिकारीपदसुद्धा देत नव्हते. युद्ध लागल्यावर ती दारं उघडली आणि दोन हजारांच्या आसपास ज्यू अधिकारी झाले. तीस हजारांच्या घरात पदकं मिळाली. त्यांना वाटलं, आता प्रश्न मिटला. त्यात भोळेपणा होता असं मला वाटत नाही. त्या काळात जगात बहुतेकांनी हाच सौदा खरा मानला होता.

तिसरा दिवस, शनिवार : कोलोन आणि एक छायाचित्र

शनिवारी ज्यू दफनभूमी बंद, म्हणून हा दिवस प्रवासाला ठेवला होता. साडेचार तासांची गाडी दोन तास उशिरा पोचली. कोलोनला संध्याकाळ झाली होती आणि कॅथीड्रलचे मनोरे निम्म्यावर ढगात गेले होते.

सामान टाकून आधी नॉयमार्क्टजवळच्या मार्झिलश्टाइन रस्त्यावर गेलो. इथे रिखार्ड श्टेर्न यांचं गाद्या-उश्यांचं दुकान होतं. १ एप्रिल १९३३ रोजी नाझींनी देशभर ज्यू दुकानांवर बहिष्कार पुकारला, दारादारांत आपली माणसं उभी केली. श्टेर्न पहिल्या महायुद्धात लढलेले. त्या दिवशी ते छातीवर आयर्न क्रॉस हे जर्मन शौर्यपदक लावून आपल्या दुकानाच्या दारात, त्या गणवेशातल्या पहारेकऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आपल्या आघाडीवरच्या सोबत्यांना आणि सगळ्या जर्मनांना उद्देशून छापलेलं पत्रकही त्यांनी वाटलं. त्या क्षणाचं छायाचित्र आहे. मी ते फोनवर उघडून रस्त्यावर उभी राहिले. शेजारून शनिवारच्या खरेदीची गर्दी वाहत होती. श्टेर्न १९३९ मध्ये अमेरिकेला गेले आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातून लढले. तिथेही त्यांना शौर्यपदक मिळालं, सिल्व्हर स्टार. एका माणसाच्या पेटीत ही दोन पदकं शेजारी असणार.

रात्री बटाट्याचे किसून केलेले राइबेकूखेन खाल्ले, थालीपिठाच्या जातीचे, सोबत सफरचंदाची गोड चटणी. लोणचं हवं होतं. शाकाहारी लोकांना आणखी एक सांगते. कोलोनच्या खानावळीत 'हाल्वर हान' म्हणजे शब्दशः अर्धा कोंबडा दिसला तर घाबरू नका, ती राय पाव आणि चीजची थाळी असते.

चौथा दिवस, रविवार : १९३४ चा दगड

४ नंबरच्या गाडीने बोक्लेम्युंडला गेलो. कोलोनच्या ज्यू समाजाची ही दफनभूमी १९१८ पासूनची. रिमझिम, वारा, आणि आमच्याखेरीज एकच बाई. सत्तरीच्या, निळा रेनकोट, हातात ओला ब्रश. निवृत्त शिक्षिका निघाल्या. शाळेतल्या मुलांना घेऊन त्या वर्षानुवर्षं इथे येत आहेत. आज एकट्याच आल्या होत्या, कारण तारीख ९ नोव्हेंबर होती. १९३८ साली याच रात्री देशभरातली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, नाझींनी जाळली.

सैनिकांच्या स्मारकापाशी त्यांनी आम्हाला नेलं. रोबर्ट श्टेर्न या ज्यू वास्तुरचनाकाराचं काम. (दुकानवाले श्टेर्न वेगळे.) साल १९३४. मी साल पुन्हा वाचलं. बाई म्हणाल्या, "मुलं पण इथेच थांबतात. विचारतात, हिटलर सत्तेवर आल्यावर हे कशाला बांधलं?"

या प्रश्नावर आम्ही तिघं पावसात अर्धा तास बोलत उभे होतो. मला त्या अर्ध्या तासात जे उमगलं ते असं. वायसनझेच्या ओळीतले १९१४-१५ चे दगड आईबापांसाठी आहेत, मुलगा कुठे निजला ते कळावं म्हणून. १९२७ चा सिंह शेजाऱ्यांसाठी आहे. तेव्हा ज्यूंनी युद्धात अंग चोरलं हा अपप्रचार जोरात होता. त्याला उत्तर द्यायला १९१९ साली लेओ ल्योव्हेनश्टाइन यांनी ज्यू आघाडी-सैनिकांचा राष्ट्रीय संघ काढला होता. या संघाने एकेक नाव, गाव, पलटण, तारीख जमवली आणि १९३२ मध्ये दहा हजारांहून जास्त मृतांच्या नावांचा ग्रंथ छापला. त्याची प्रत राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांना दिली. पुरावा म्हणतात तो असा. आणि १९३४ चा हा दगड सरकारशी बोलतो आहे. एप्रिल १९३३ च्या कायद्याने ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढलं, पण आघाडीवर लढलेल्यांना हिंडेनबुर्गच्या आग्रहावरून सूट होती. १९३४ मध्येच आघाडीवर लढलेल्यांसाठी सन्मानपदक निघालं, ते ज्यूंनाही मिळालं, फ्युररच्या नावाने. दगड उभा करणाऱ्यांना वाटत असणार, हे तरी आपल्याला वाचवील. पुढच्याच वर्षी सूट गेली. नंतर पदकवाल्यांना आणि युद्धात हातपाय गमावलेल्यांना 'खास वागणूक' म्हणून टेरेझिएनश्टाटला धाडलं. तिथून पुढे कितीकांना आउशवित्झला.

बाईंनी ब्रशने अक्षरांतलं शेवाळ काढायला सुरुवात केली. मी पर्समधला रुमाल काढून खालच्या ओळी पुसल्या. भाच्याने छत्री धरली. कोणीच कोणाला काही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी शहरात फिरताना फुटपाथवर जागोजागी मेणबत्त्या दिसल्या. फुटपाथच्या फरशीत बसवलेल्या पितळी ठोकळ्यांभोवती त्या लावलेल्या होत्या. त्या ठोकळ्यांवर इथे राहून नेल्या गेलेल्या माणसांची नावं असतात. ही कल्पना गुंटर डेम्निग या कलाकाराची आणि तिची सुरुवात कोलोनचीच. ९ तारखेला लोक हे ठोकळे घासून लखलखीत करतात. एका ठोकळ्यापाशी सातआठ वर्षांची मुलगी वडिलांबरोबर बसून जुन्या टूथब्रशने घासत होती, अगदी मन लावून.

पाचवा दिवस, सोमवार : वाटेत

ब्रसेल्स, लील, आरास. गाड्या वेळेवर. उत्तर फ्रान्समधल्या आरासचे दोन मोठे चौक पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झाले होते, नंतर जसेच्या तसे उभारले. रात्री 'वेल्श' खाल्लं. पावावर वितळलेल्या चीजचा आणि बिअरचा तलाव, वर बटाट्याचे काप. दोघांत एक मागवा, ऐका माझं.

११ नोव्हेंबरला फ्रान्समध्ये युद्धसमाप्तीची सुट्टी असते. बसचा भरवसा धरू नका. आम्ही आदल्या रात्रीच मुक्कामाच्या घरमालकिणीला सांगून टॅक्सी ठरवली. कशासाठी जाताय विचारलं म्हणून सांगितलं. त्यांच्या पणजोबांना फ्रेंच बाजूने याच टापूत मरण आलं होतं. मला वाटलं, आता या काय म्हणतील. त्या आत गेल्या आणि दोन निळी कापडी फुलं घेऊन आल्या, फ्रेंच लोक या दिवशी कोटाला लावतात ती. "एक तुमच्यासाठी," म्हणाल्या, "एक तिथल्यांसाठी."

सहावा दिवस, मंगळवार : लोरेत आणि मेझों ब्लांश

सकाळी स्टेशनसमोरच्या स्मारकापाशी शाळकरी मुलं गावातल्या मृतांची नावं वाचत होती. प्रत्येक नावाला गर्दीतून एकसुरात उत्तर येत होतं. ते ऐकून उत्तरेकडे निघालो.

नोत्र-दाम-द-लोरेतच्या टेकडीवर २०१४ साली उघडलेलं एक लंबवर्तुळाकार स्मारक आहे, 'स्मृतीचं कडं'. या भागात पडलेल्या सुमारे पाच लाख ऐंशी हजार सैनिकांची नावं तीन-तीन मीटर उंच पाचशे पत्र्यांवर आहेत. देश नाही, हुद्दा नाही, धर्म नाही, फक्त वर्णानुक्रम. आधी सिंग शोधले, पंजाबातून येऊन इथे मेलेले, त्यांच्या ओळींवर ओळी. मग सीच्या पत्र्याकडे गेले. कोहेन हे आडनाव इंग्लंडच्या ज्यूंमध्ये बहुधा 'ई' घालून लिहितात, जर्मनीत बहुधा 'ई'शिवाय. वर्णानुक्रमाने ते लागून येतात. समोरासमोरच्या खंदकांत असलेले लोक इथे बोटभर अंतरावर. दोघांचं मूळ नाव एकच, अर्थ पुरोहित. सहा दिवसांत मी पहिल्यांदा तिथे रडले. वारा फार होता, कोणाच्या लक्षात आलं नाही.

तिथून काही मैलांवर, नविल-सें-व्हास्तजवळ, मेझों ब्लांशची जर्मन दफनभूमी. पहिल्या महायुद्धातल्या जर्मनांची फ्रान्समधली सर्वात मोठी. ४४,८३३ सैनिक, त्यांतले ८,०४० एकाच सामुदायिक कबरीत. करड्या धातूचे क्रूस नजर जाईल तिथवर, एकेका क्रूसावर चार-चार नावं, मागेपुढे दोन-दोन. ब्रिटिश दफनभूमीसारखे गुलाब नाहीत. गवत, झाडं, आकाश.

आणि त्या क्रूसांच्या ओळींतच, मध्येच, एखादा दगड. वरून गोल, डेव्हिडचा तारा कोरलेला. १९६६ च्या फ्रेंच-जर्मन करारानंतर इथल्या जुन्या लाकडी खुणांच्या जागी कायमचे क्रूस बसवले, तेव्हा ज्यू सैनिकांना असे वेगळे दगड मिळाले. पण जागा तीच, ज्या सोबत्याशेजारी पुरला त्याच्याच शेजारी. वायसनझेला ते सगळे एकत्र आहेत, इथे पलटणीत विखुरलेले. त्यांना हेच हवं होतं असं मला वाटलं.

दगडावर वर दोन हिब्रू अक्षरं, पे आणि नून : इथे पुरला आहे. खाली नाव, हुद्दा, तारीख. शेवटी पाच अक्षरं, म्हणजे 'त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो'. या अक्षरांचा अर्थ मी निघण्याआधी पाठ करून ठेवला होता. अलिबागच्या दगडांवरही ती मी पाहिली असणार, तेव्हा वाचता आली नव्हती.

असे दगड इथे शंभराहून जास्त आहेत आणि ते शोधायचे तर ओळीओळीने चालावं लागतं. शेजारी बिटाचं शेत होतं. त्याच्या बांधावर नांगराने वर आलेले खडूसारखे पांढरे खडे पडले होते. भाच्याने टोपीभर गोळा केले आणि मग त्याच्या डोक्यावर टोपी नाही म्हणून मी त्याला माझा स्कार्फ बांधला. त्याने डावी बाजू घेतली, मी उजवी. घरमालकिणीचं निळं फूल पहिल्याच दगडापाशी ठेवलं. नाव मोठ्याने वाचायचं, खडा ठेवायचा, पुढे जायचं. जर्मन उच्चार चुकले की तो लांबून दुरुस्त करायचा आणि मी पुन्हा वाचायची.

जाणाऱ्यांसाठी : आरासहून सात-आठ किलोमीटर, प्रवेश मोकळा. आत काहीही मिळत नाही, पाणी आणि टॉर्च बरोबर ठेवा. नोव्हेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून दुपारचं जेवण लवकर उरका. आम्ही तिथेच चुकलो. टॅक्सीवाल्याने रस्त्यावरून दिवे लावून खूण केली तेव्हा माझे सतरा झाले होते आणि त्याचे एकवीस. टोपीत खडे अजून बरेच होते.